हातातले जीपीएस, संगणकातला नकाशा आणि मधले दीडशे मीटर

अमरावतीच्या राजापेठ भागात रेल्वे उड्डाणपुलाजवळ उभे राहून हातातील जीपीएस यंत्र सुरू केले, की मोकळ्या आकाशाखाली मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावर आकडे उमटतात : उत्तर अक्षांश २० अंश ५५ मिनिटांच्या पुढे, पूर्व रेखांश ७७ अंश ४५ मिनिटांच्या आसपास. आकडे बरोबर असतात. चूक असलीच तर ती पाच-दहा मीटरांची. मात्र हेच आकडे घरी येऊन संगणकातील नकाशावर मांडले असता हा बिंदू कधी शेजारच्या मोहल्ल्यात, कधी यवतमाळच्या वाटेवर, तर कधी चक्क ओडिशात जाऊन पडलेला दिसतो. यंत्र तेच, बिंदूही तोच. बदल झालेला असतो तो यंत्रातून संगणकात जाण्याच्या वाटेवर.

हौशी गिर्यारोहकाच्या दृष्टीने ही गंमत ठरेल; पण अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील गावांसाठी ती गंमत नाही. २००६ च्या वन हक्क कायद्यानुसार जंगलावरील सामूहिक हक्काचा दावा करताना ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीचा नकाशा जोडावा लागतो. अचलपूर तालुक्यातील पायविहीर, उपातखेडा, नयाखेडा, खतिजापूर या गावांना २०१२ साली असे हक्क मिळाले. एकट्या पायविहीरचे क्षेत्र १९३ हेक्टरांचे आहे. उजाड माळावर गावकऱ्यांनी पुन्हा उभे केलेले जंगल आणि तेथील सीताफळांची विक्री यांमुळे हे गाव पुढे देशभर ओळखले गेले. अशा दाव्यात हद्द म्हणजे नाला, टेकडीची धार, देवस्थान, जुनी विहीर. गावातील वृद्धांना ती पावलांनी ठाऊक असते. सरकारी समितीला ती कागदावर हवी असते. या दोहोंमधला पूल अलीकडच्या दोन दशकांत बहुतेक ठिकाणी हातातील जीपीएस यंत्राने बांधला. यंत्र घेऊन हद्दीवरून चालणे हे कष्टाचे काम असले तरी समजायला सोपे आहे. चालून आल्यावर पुढे काय करायचे, याविषयी मात्र मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही.

यंत्रात नेमके काय साठते?

यंत्रात तीन प्रकारची माहिती जमा होते. एकेका जागेची नोंद, जिला यंत्राच्या भाषेत 'वेपॉइंट' म्हणतात. चालताना आपोआप उमटत जाणारी पायवाट, म्हणजे 'ट्रॅक'. आणि आधी ठरवून भरलेला मार्ग, म्हणजे 'रूट'. हद्दीच्या कामात पहिल्या दोहोंशी गाठ असते. विहीर, स्मशान, देवाचा ओटा, दगडी खूण यांचे वेपॉइंट घ्यावेत आणि हद्दरेषेचा ट्रॅक घ्यावा, ही सर्वसाधारण पद्धत. वन हक्क नियमांमध्ये विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे यांसारख्या जागेवरील खुणा आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हे पुरावे मानलेले आहेत. त्यामुळे हे बिंदू केवळ नकाशाची शोभा नसून दाव्याचा भाग असतात.

ट्रॅकच्या बाबतीत एक जुनी खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गार्मिन कंपनीच्या २००० सालानंतरच्या लोकप्रिय यंत्रांत चालू ट्रॅक हजारो बिंदूंचा असे. परंतु 'सेव्ह' ही आज्ञा दिली की यंत्र तो ट्रॅक आटोपशीर करून काही शेकडा बिंदूंवर आणी. काही मॉडेलांत ही मर्यादा २५०, तर काहींत ५०० होती. शिवाय प्रत्येक बिंदूची वेळही पुसली जाई. नाल्याच्या वळणावळणाने गेलेली सहा-सात किलोमीटरची हद्द अडीचशे बिंदूंत बसवायची, तर वळणे सरळ होणारच. काम जपून ठेवावे म्हणून माणूस 'सेव्ह' करी आणि नेमके तेच काम त्यामुळे बोथट होई. अशी यंत्रे अजूनही अनेक कपाटांतून निघतात. त्यांच्यातील चालू ट्रॅक तसाच संगणकात उतरवून घ्यावा. 'सेव्ह' करू नये. मेमरी कार्डाची सोय असलेल्या यंत्रात ट्रॅक थेट कार्डावर नोंदविण्याचा पर्याय असतो, तो अधिक चांगला.

नावांची अडचण वेगळीच. सुरुवातीच्या यंत्रांत वेपॉइंटचे नाव सहा अक्षरांचे आणि तेही रोमन लिपीतील असे. यंत्र स्वतःहून ००१, ००२ असे क्रमांक देते. दोन यंत्रे घेऊन दोन तुकड्या दोन दिशांनी निघाल्या की दोघींकडेही ००१ पासूनच सुरुवात होते आणि संध्याकाळी एकाच फाइलीत सगळे ओतले की कोणता ००७ म्हणजे विहीर आणि कोणता म्हणजे सागाचा ओंडका, हे कोणालाच सांगता येत नाही. यावर यंत्रात उपाय नाही, वहीत आहे. क्रमांक, जागेचे मराठी व कोरकू नाव, सोबत असलेल्या माणसांची नावे आणि तारीख एवढे लिहिले तरी पुरते. ही वही फाइलीइतकीच मोलाची आहे.

तारेपासून फाइलीपर्यंत

२००० च्या दशकात माहिती उतरविणे म्हणजे एक स्वतंत्र विद्याच होती. यंत्राची खास गोल तोंडाची तार, संगणकाच्या मागील नऊ टाचण्यांचे सीरियल पोर्ट, ते नसल्यास यूएसबीला जोडायचा मधला जोड, त्याचा चालक प्रोग्रॅम, पोर्टचा क्रमांक, आणि यंत्रात 'गार्मिन' की 'एनएमईए' या दोन बोलींपैकी कोणती निवडायची हा प्रश्न. साठवलेले बिंदू उतरवायचे तर कंपनीची स्वतःची बोली लागे. 'एनएमईए' निवडले की फक्त त्या क्षणाची जागा सेकंदासेकंदाला येत राही आणि साठवलेले काहीच येत नसे. 'यंत्र जोडले आहे पण बिंदू येत नाहीत' या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असे. जुने यंत्र आजही वापरणाऱ्याने सर्वप्रथम हीच निवड तपासावी.

प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी, ही दुसरी कटकट होती. ती सुटण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. २००२ साली 'जीपीएक्स' हा सर्वांना खुला असा साचा पुढे आला आणि २००४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तीच आजतागायत चालते. त्याच सुमारास रॉबर्ट लिपे यांनी सुरू केलेला 'जीपीएसबॅबेल' हा मोफत प्रोग्रॅम एका कंपनीची फाइल दुसरीच्या रूपात बदलून देऊ लागला. आजच्या यंत्रांपैकी बरीचशी यूएसबी तारेने जोडली की पेन ड्राइव्हसारखी उघडतात. 'गार्मिन' या फोल्डरमध्ये 'जीपीएक्स' नावाचे फोल्डर असते आणि त्यात सर्व बिंदू व ट्रॅक असतात. तार मात्र माहिती वाहणारी हवी. मोबाइल चार्ज करण्यापुरत्या काही तारांत माहितीची वाहिनीच नसते. अशी तार लावली की यंत्राचा दिवा लागतो, पण संगणकाला यंत्र दिसत नाही.

फाइल हाती आली की तिची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवावी, वाटल्यास सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि पुढचे सर्व काम दुसऱ्या प्रतीवर करावे. ही सूचना बाळबोध वाटेल. पण दरीत उपग्रहांचा संकेत तुटून ट्रॅकमध्ये जी वेडीवाकडी टोके येतात ती संगणकावर पुसणारा माणूस नकळत हद्दीत हस्तक्षेप करीत असतो. पुढे कोणी आक्षेप घेतला तर मूळ फाइल दाखविता आली पाहिजे. जीपीएक्स ही साधी मजकुराची फाइल असल्याने ती नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ त्यात डोळ्यांनी वाचता येते.

ही वेळ पाहून मात्र पुष्कळांची तारांबळ उडते. सकाळी सात वाजता सुरू केलेल्या मोजणीची वेळ फाइलीत रात्री दीडची दिसते. यात बिघाड काहीच नाही. फाइलीत वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिली जाते आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे. पंचनाम्यात सात आणि फाइलीत दीड, अशी विसंगती समितीपुढे उघडी पडण्याआधी नकाशावरच खुलासा छापलेला बरा. तारखेचा घोळ अधिक गंभीर आहे. जीपीएसचे उपग्रह आठवड्यांची जी गणना प्रक्षेपित करतात ती १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री ती अशी शून्यावर आली. ज्या जुन्या यंत्रांचा अंतर्गत प्रोग्रॅम अद्ययावत केलेला नव्हता, त्यांतील काहींनी त्यानंतर १९९९ मधील तारखा नोंदवण्यास सुरुवात केली. अशा यंत्राने दाखविलेली जागा बरोबर असू शकते, पण २००६ च्या कायद्याखालील दाव्याला १९९९ ची मोजणी जोडली गेली, तर ती पाहणाऱ्याला बनावट वाटल्यास नवल नाही.

एव्हरेस्टची छाया

आता त्या दीडशे मीटरांकडे वळावे.

अक्षांश-रेखांश हे स्वयंभू आकडे नाहीत. पृथ्वीचा आकार कोणता मानला आणि तो कोठे टेकवला, यावर ते ठरतात. या आधाराला 'डेटम' म्हणतात. जीपीएसचा डेटम 'डब्ल्यूजीएस ८४' हा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे मात्र जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवर रचलेले आहेत. योगायोग असा, की त्या आकड्यांचा आणि वऱ्हाडाचा जवळचा संबंध आहे. एव्हरेस्ट यांनी ज्या मध्याह्नवृत्ताच्या मोजणीवरून आपले निष्कर्ष काढले, तिची तीन प्रमुख खगोलीय ठाणी होती : दक्षिणेला दमरगिड्डा, उत्तरेला सिरोंजजवळचे कल्याणपूर, आणि मधोमध, २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर, वऱ्हाडातील टाकळखेडा. या मोजणीचे जनक विल्यम लॅम्बटन १८२३ साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तेथेच आहे. त्या काळाच्या साधनांनी केलेले हे काम थक्क करणारे होते. तथापि भारतापुरता नेटका बसणारा तो लंबगोल आणि आजचा जागतिक लंबगोल यांचे केंद्र एक नाही. परिणामी, अमरावतीच्या परिसरात एकाच जागेचे दोन डेटमांतील आकडे परस्परांवर मांडले तर सुमारे दीडशे मीटरांचा फरक पडतो. जुन्या नकाशावरून वाचलेले आकडे जीपीएसचे समजून मांडले, तर बिंदू खऱ्या जागेच्या आग्नेयेकडे सरकतो.

अमरावती शहराचा जुना नकाशा ५५ एच या मालिकेत येतो. चिखलदरा व अचलपूरचा उत्तर भाग ५५ जी मध्ये. १:५०,००० या प्रमाणावर दीडशे मीटर म्हणजे अवघे तीन मिलिमीटर. कागदावर ते पेन्सिलीच्या जाड रेघेत दडून जातात. जमिनीवर मात्र हद्दीची दोन किलोमीटर लांबीची एक बाजू दीडशे मीटर सरकली, तर तीस हेक्टरांची पट्टी एका बाजूने जाते आणि तितकीच दुसऱ्या बाजूने येते. या चुकीचा खरा धोका असा, की क्षेत्रफळ बदलत नाही. १९३ हेक्टर हे १९३ हेक्टरच राहतात, आकार तोच राहतो, आणि म्हणून तपासणाऱ्याला काही खटकत नाही. केवळ जंगल दुसऱ्याच ठिकाणी गेलेले असते. गावाची बोडी शेजारच्या गावात, आणि शेजारच्यांचे देवस्थान या गावात. मग दोन ग्रामसभा एकमेकींच्या दाव्यावर हरकत घेतात आणि भांडण माणसांचे आहे असे सर्वांना वाटू लागते.

यातही एक बारकावा आहे. यंत्रात डेटम बदलण्याची सोय असते, पण ती केवळ पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांपुरती. तारेतून बाहेर पडणारी जीपीएक्स फाइल नेहमी डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असते. म्हणून पडद्यावरून वहीत उतरवलेले आकडे आणि तारेने उतरवलेले आकडे एकाच यंत्रातून येऊनही जुळत नाहीत, असे घडू शकते. कोणत्या नोंदी पडद्यावरून घेतल्या आणि कोणत्या तारेने, हे वहीत लिहिलेले नसेल तर हा गुंता नंतर सुटत नाही. साधा नियम असा : यंत्र नेहमी डब्ल्यूजीएस ८४ वरच ठेवावे आणि बदल करायचा तो संगणकात, जुना नकाशा बसविताना करावा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने नागरी वापरासाठी जी खुली नकाशामालिका काढली, ती डब्ल्यूजीएस ८४ वरच आहे. तो नकाशा मिळत असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी जो छायाप्रतीची छायाप्रत झालेला नकाशा हाती पडतो, तो बहुधा जुनाच असतो.

अमरावतीहून ओडिशात

अंश-मिनिटांचा गोंधळ याहून साधा, पण याहून अधिक वेळा होणारा आहे. राजापेठजवळील एखादा अक्षांश यंत्र तीन प्रकारे दाखवू शकते : २०.९२५ अंश, २० अंश ५५.५ मिनिटे, २० अंश ५५ मिनिटे ३० सेकंद. तिन्ही एकच आहेत. यांतील दुसरा आकडा संगणकात २०.५५५ असा टंकला गेला, की बिंदू ४१ किलोमीटर दक्षिणेला, यवतमाळ जिल्ह्याच्या दिशेने जातो. ही चूक निदान लगेच दिसते. तिसरा आकडा ५५.३० मिनिटे असा टंकला गेला तर फरक पडतो सुमारे ३७० मीटरांचा, आणि तो जंगलात कोणाच्या लक्षातही येत नाही. आकडे हाताने टंकण्यापेक्षा तारेने उतरवावेत, असे जाणकार सांगतात ते यासाठीच. तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये दशांश दोनच स्थळांपर्यंत ठेवले, तर प्रत्येक बिंदू किलोमीटरभराच्या जाळीवर जाऊन बसतो. मीटरभराच्या नेमकेपणासाठी दशांशानंतर पाच स्थळे लागतात.

क्षेत्रफळ काढण्यासाठी अक्षांश-रेखांश उपयोगी नाहीत, कारण अंश हे कोनाचे माप आहे. त्यासाठी 'यूटीएम' ही मीटरांत मोजणारी पद्धत वापरली जाते. तिच्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. अमरावती जिल्ह्याचे दुर्दैव असे, की ७८ अंश रेखांशावरची पट्ट्यांची सीमा थेट या जिल्ह्यातून जाते. अमरावती शहर, अचलपूर, चिखलदरा, धारणी, शेजारचा अकोला जिल्हा हे सर्व ४३ व्या पट्ट्यात. तर वरूड, धामणगाव ही पूर्वेकडील गावे ४४ व्या पट्ट्यात. मोर्शी जवळजवळ सीमेवरच. राजापेठेचा पूर्वेकडील आकडा ४३ व्या पट्ट्यात सुमारे ७ लाख ८६ हजार मीटर येतो, तर ४४ व्या पट्ट्यात १ लाख ६२ हजार. पट्टा न लिहिता नुसता आकडा पाठवला आणि समोरच्याने ४४ गृहीत धरला, तर राजापेठ सहाशे किलोमीटरांहून दूर, ओडिशातील सोनपूर-बलांगीरच्या परिसरात जाऊन पोहोचते. नागपूरचे कार्यालय ४४ व्या पट्ट्यात असल्याने तेथील संगणकावर तीच निवड आधीपासून असणे स्वाभाविक आहे. 'क्यूजीआयएस'सारख्या मोफत नकाशा-प्रोग्रॅममध्ये हे पट्टे सांकेतिक क्रमांकांनी ओळखले जातात : ४३ व्यासाठी ३२६४३, ४४ व्यासाठी ३२६४४, आणि मूळ जीपीएससाठी ४३२६. नकाशाच्या कोपऱ्यात हा क्रमांक छापणे म्हणजे लिफाफ्यावर पिनकोड लिहिण्यासारखे आहे.

क्षेत्रफळाची आणखी एक फसगत इंटरनेटवरील नकाशांमुळे होते. ते ज्या 'वेब मर्केटर' प्रक्षेपणावर रचलेले असतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे सर्व काही फुगत जाते. अमरावतीच्या अक्षांशावर हा फुगवटा क्षेत्रफळात सुमारे साडेचौदा टक्के भरतो. पार्श्वभूमीला उपग्रह चित्र ठेवून त्याच मापनात क्षेत्रफळ काढले, तर १९३ हेक्टरांचे २२१ हेक्टर होतात. गावाला प्रथम आनंद होतो आणि उपविभागीय समितीत दावा परत येतो. उलटपक्षी यूटीएमच्या पट्ट्याच्या काठावर असल्याने होणारी चूक हजारात एक-सव्वा एवढीच असते. तिच्यामागे लागण्याचे कारण नाही.

ट्रॅक ही रेषा असते, क्षेत्र नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. चालणारा माणूस जेथून निघाला तेथेच परत आला तरी दोन टोकांत काही मीटरांचे अंतर राहते. ते जोडून रेषेचे बंद क्षेत्र करण्याची स्वतंत्र आज्ञा प्रोग्रॅममध्ये असते. ती देण्यापूर्वी दुपारी पाणी पिण्यासाठी गावात जाऊन आल्याची शेपटी ट्रॅकमध्ये उरली आहे का, हे पाहावे.

पाच मीटर कोठे चालतात?

यंत्राच्या अचूकतेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्याला देववाणी समजतो, तर कोणी खेळणे. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभर मीटरांपर्यंतची अनिश्चितता दहा-वीस मीटरांवर आली. पुढे ती आणखी घटली. आजचे साधे यंत्र मोकळ्या जागी पाच मीटरांच्या आसपास उत्तर देते. आता दोन उदाहरणे घ्यावीत. शंभर मीटर बाजूच्या एक हेक्टर चौकोनी शेताच्या चारी बाजूंनी पाच मीटरांची पट्टी काढली, तर ती दोन हजार चौरस मीटर, म्हणजे शेताच्या वीस टक्के होते. तेच दोनशे हेक्टरांच्या जंगलाबाबत जेमतेम दीड टक्का भरते. प्रत्यक्षात सर्व बाजूंची चूक एकाच दिशेने होत नाही, म्हणून खरा फरक याहून कमी असतो. तरी तुलना बोलकी आहे. सामूहिक वनहक्काच्या हद्दीसाठी हातातील यंत्र पुरेसे आहे. दोन भावांतील बांधाच्या वादासाठी ते अजिबात पुरेसे नाही. तेथे भूमी अभिलेख विभागाची मोजणीच हवी. एकाच कायद्याखालील वैयक्तिक दाव्यांत एक-दोन एकरांचे तुकडे याच यंत्रांनी मोजले गेले, तेव्हा त्यांच्या आकड्यांकडे किती सावधपणे पाहावयास हवे होते, हे यावरून ध्यानात यावे.

मेळघाटात ऋतूचाही विचार करावा लागतो. हे सागाचे पानगळी जंगल आहे. पावसाळ्यात ओल्या, रुंद पानांखाली संकेत क्षीण होतो. एप्रिल-मे मध्ये साग उघडा पडल्यावर तेच यंत्र तेथेच निश्चिंत चालते. चिखलदऱ्याच्या कड्यांखालील दऱ्यांत आकाशच अरुंद असते, तेथे ऋतू कोणताही असो, एका बिंदूवर काही मिनिटे थांबून सरासरी घेण्याची सोय वापरावी. निघण्याआधी राजापेठचा उड्डाणपूल किंवा आपल्या गल्लीतील एखादा ठळक कोपरा यांसारखी ओळखीची जागा नोंदवून, ती फाइल उतरवून, उपग्रह चित्रावर मांडून पाहण्याची सवय उत्तम. दीडशे मीटर, ३७० मीटर, ४१ किलोमीटर यांपैकी कोणता फरक दिसतो यावरून नेमकी कोणती निवड चुकली आहे हे घरीच कळते आणि डोंगरातील दोन दिवस वाया जात नाहीत.

तयार नकाशा दुसऱ्याकडे पाठवतानाही गळती होते. नकाशा-कार्यालयांत रूढ असलेला 'शेपफाइल' हा साचा नावाने एक असला तरी प्रत्यक्षात चार-पाच फाइलींचा जुडगा असतो. त्यातली एकच ईमेलने पाठवली, तर समोर काही उघडत नाही. 'पीआरजे' हे उपनाम असलेली राहून गेली, तर उघडते पण डेटम व पट्टा हरवतो आणि वर सांगितलेले सगळे प्रवास पुन्हा सुरू होतात. यात स्तंभाच्या नावाला दहा बाइटांचीच जागा असते. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे मराठी नाव तीन चिन्हांत संपते आणि 'विहीर' लिहायला गेल्यास 'विह' एवढेच उरते. मजकूर मराठीत ठेवायचा असेल तर २०१४ पासून मान्यता पावलेला 'जिओपॅकेज' हा एका फाइलीचा साचा सोयीचा. गूगल अर्थमध्ये दाखविण्यासाठी 'केएमएल' चालते, पण ते दाखविण्यापुरतेच. मोजणीची मूळ नोंद म्हणून ते जपू नये.

वन हक्क नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने उपग्रह चित्रे व इतर तंत्रज्ञान हे अन्य पुराव्यांना पूरक ठरू शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, असे स्पष्ट केले आहे. दाव्याची पडताळणी करण्यासाठी गावाची वन हक्क समिती जागेवर जाते तेव्हा दावेदारांना आणि वन विभागाला आधी सूचना द्यावी लागते. अशा दिवशी हाती छापील नकाशा तर असावाच. पण संगणकातील अंतिम हद्द जीपीएक्स करून पुन्हा यंत्रात भरलेली असावी. माहिती उतरविण्याचीच ही उलट वाट आहे आणि ती क्वचितच कोणी वापरतो. यंत्रात हद्द रेषेसारखी दिसते, चालणारा तिच्या आत आहे की बाहेर हे समजते, आणि नाल्याकाठचा जो दगड वृद्धांनी दाखवला होता तो रेषेवर येतो की नाही, हे सर्वांसमक्ष पाहता येते. तो पाच-सात मीटर अलीकडे-पलीकडे पडला, तर ती यंत्राची मर्यादा समजून दगडच प्रमाण मानावा. तो दीडशे मीटर आग्नेयेला पडला, तर मात्र सगळ्यांनी तेथूनच परतून संगणकासमोर बसावे.